शिवालयाचा लेख आणि लहान वर्ग

पदव्युत्तर अभ्यासांत व्याख्यानें असावींत कीं पांचसात विद्यार्थ्यांचे चर्चावर्ग, ज्यांस सेमिनार म्हणतात, हा वाद जुना आहे. आमचें मत चर्चावर्गाचें. त्यास आधार शोधण्यासाठीं आम्हांस दूर जावें लागत नाहीं. आम्ही राहतों त्या पालेगावाजवळच अंबरनाथचें शिवालय आहे, व तेथील शिलाहार मम्वाणिराजाचा शिलालेख आमच्या वाचकांस परिचित आहे.

त्यांतील शकाचा आंकडा डॉ. भाऊ दाजींनीं ७८२ असा वाचला. पंडित भगवानलाल इंद्रजींनीं पुढें तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा लावला, व तोच आज मान्य आहे. एका अंकानें दोनशें वर्षें! झिजलेल्या अक्षरांत दृष्टिदोष कोणासही होईल. परंतु मम्वाणीचा वडील बंधु छित्तराज, त्याचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. तो शेजारीं ठेवतांच ७८२ टिकत नाहीं. धाकटा भाऊ थोरल्याच्या १६६ वर्षें आधीं राज्यावर कसा यावा?

हेंच उत्तर व्याख्यानांत सांगितलें कीं ऐंशी विद्यार्थी तें वहींत उतरून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. लहान वर्गांत ठसा मेजावर असतो, एकजण वाचतो, दुसरा “हा सात कशावरून?” म्हणून अडवितो, ताम्रपट तिसऱ्यास आठवतो. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखालीं काम केलेले होते, हें येथें ध्यानांत घ्यावें. शिष्यानें पाठ दुरुस्त केला यांत गुरूचा अवमान आम्हांस दिसत नाहीं.

भांडारकर संस्थेंत १९२५ सालापासून महाभारताच्या संपादनाची धुरा वाहणारे डॉ. सुकथनकर बर्लिनला ल्यूडर्स यांच्यापाशीं शिकले होते. अनेक पोथ्या ताडून पाठ ठरविण्याचें तें काम एकट्याच्या व्याख्यानानें झालें नसतें.

असा वर्ग खर्चाचा आहे, ही हरकत खरी. अध्यापक कच्चा असेल तर चर्चेच्या गप्पा होतात, हेंही आम्हीं पाहिलें आहे. पण एका महाविद्यालयांत, नांव सांगत नाहीं, शिलालेखांवर उत्तरें लिहिणाऱ्या एम. ए. च्या मुलांनीं ठसा डोळ्यांनीं पाहिला नव्हता. त्यांतील सहाजणांस आम्हीं शिवालयांत नेलें. दुपारपर्यंत दीड ओळ लागली, आणि एका अक्षरावरून दोघांचें भांडण जुंपलें तें परतीच्या वाटेवरही मिटलें नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं आपली पोथी, निदान तिचें छायाचित्र, अशा एखाद्या वर्गास महिनाभर द्यावें. पेटींतल्या पोथीस चुकीचा पाठ लागत नाहीं खरा; बरोबरही लागत नाहीं.