‘ब्रह्मास्त्र’ आपल्या यादीत का नको?

उदय भेंब्रे म्हटलं की गोव्यातले मराठीवाले एवढंच सांगतात: ‘चान्न्याचे राती’ लिहिणारे कोंकणी कवी, १९८४ साली मडगावातून अपक्ष आमदार, ‘सुनापरांत’चे संपादक. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी ‘राष्ट्रमत’मध्ये गाजलेलं त्यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर चक्क मराठीत होतं! विलीनीकरणाविरुद्ध होतं, म्हणून का ते गाळायचं? विलीनीकरण हवं असलेला वाचक मराठीच वाचायचा. त्याला गाठायचं तर त्याच्याच भाषेत. मी इंजिनियर माणूस. पूल कुणी बांधला यापेक्षा त्याने भार पेलला का, ते आधी बघतो. इथे मराठी गद्याने तो पेलला, मराठीवाद्यांच्याच विरोधात. गोव्यातल्या मराठी पत्रकारितेच्या यादीत हे सदर मी घालणार. हरकती लेखी द्याव्यात.