आसन कोणासाठी?

वाघोलीत नवनव्या इमारती उभ्या राहू लागल्यापासून घरांना आशीर्वाद देण्यास जाणे हा आमच्या धर्मसेवेचा नित्यक्रम झाला आहे. अशाच एका घरी दिवाणखान्यात लाल प्लॅस्टिकची, मागच्या पायांवाचून उभी असलेली, नागमोडी वळणाची खुर्ची होती. डॅनिश कलावंत व्हेर्नर पँटन यांच्या प्रसिद्ध खुर्चीची ती नक्कल. प्रार्थनेपूर्वी घरच्या आजींना त्या मानाच्या जागी बसवू लागले, तर त्या मागे सरल्या. खुर्चीला हात नव्हते. बसल्यावर उठायचे कशाच्या आधाराने? अखेर त्यांच्यासाठी आतून स्टूल आणले गेले.

खुर्ची देखणी होती, हे आम्ही मान्य करतो. १९६७ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा पाठ, बैठक व पाय एकसंध प्लॅस्टिकमध्ये घडविण्याची कल्पना खरोखरच धाडसी होती. कोठे सांधा नाही, खिळा नाही. एकच ओघवती रेषा. नावीन्याला नाके मुरडण्याचा आमचा हेतू नाही. ते कोणाच्या उपयोगी पडते, एवढेच आम्ही विचारतो.

पुण्यामुंबईच्या इराणी हॉटेलांतील वाकविलेल्या लाकडाची खुर्ची वाचकांनी आठवावी. मिखाएल टोनेट यांची १८५९ ची १४ क्रमांकाची खुर्ची ही त्या घराण्याची मूळ पुरुष. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढाच तिचा संसार. सुटे भाग करून एका घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या मावत. आपल्या काळी तीही विलक्षणच होती. परंतु ती सामान्य माणसाच्या बुडाखाली आली, आणि तिच्या बैठकीचे वेतकाम फाटले तर नव्याने विणता येई.

धर्मग्रामाच्या सभागृहातील प्लॅस्टिकच्या खुर्चीचे कौतुक क्वचितच होते. तिची एक पूर्वज फ्रान्सच्या हेन्री मॅसोने यांनी १९७२ मध्ये घडविली. एकावर एक रचता येणारी ही हातांची खुर्ची लग्नालाही येते आणि मयतालाही, आणि वृद्धांना उठताना आधार देते. मात्र तिचा पाय मोडला की तो सांधता येत नाही, हा दोष सांगितलाच पाहिजे.

वेदीजवळच्या आसनालाही हीच कसोटी लागू आहे. ख्रिस्तसभेच्या मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३१० वा परिच्छेद सांगतो, की याजकाच्या आसनातून त्याची सेवा व्यक्त व्हावी, पण त्याला सिंहासनाचे रूप येऊ नये. तरीही लग्नमंडपात शोभेल असे सोनेरी, कोरीव आसन अर्पण करण्याची इच्छा भाविक प्रेमाने व्यक्त करतात, आणि ते स्वीकारण्याचा मोह आम्हांलाही झाला आहे. मेजवानीत वरच्या जागा धरणाऱ्यांविषयी प्रभू येशू जे बोलला, ते आम्ही व्यासपीठावरून कितीदा तरी समजावून सांगितले आहे. ते प्रथम आम्हांलाच ऐकावयाचे होते.

तेव्हा आमच्या कुटुंबांना एक विनंती. नवी खुर्ची अवश्य घ्यावी, सुंदर घ्यावी. मात्र दुकानात जाताना घरातील आजी-आजोबांना सोबत न्यावे, आणि प्रथम त्यांना बसून उठू द्यावे.