खाल्ल्या मिठाची मर्यादा

जिम जार्मुश या स्वतंत्र बाण्याच्या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘घोस्ट डॉग : द वे ऑफ द सामुराई’ (१९९९) हा चित्रपट वरवर पाहता गुन्हेगारीचा आहे, वस्तुतः त्याचा विषय निष्ठा हा होय. गच्चीवर कबुतरे पाळून एकटा राहणारा एक कृष्णवर्णीय मारेकरी ‘हागाकुरे’ हा सामुराईंचा ग्रंथ प्रमाण मानून चालतो. पूर्वी लुई नामक गुंडाने त्याचे प्राण वाचविले. तेव्हापासून लुई त्याचा धनी. पुढे धन्याची टोळीच जिवावर उठते, तेव्हा तो टोळीच्या म्होरक्यांना संपवितो. परंतु धन्यासमोर मात्र रिकामे पिस्तूल घेऊन उभा राहतो आणि त्याच्याच गोळ्यांनी मरतो. फॉरेस्ट व्हिटेकर यांनी ही भूमिका मोठ्या संयमाने वठविली आहे.

हे मरण उदात्त मानावयाचे काय? खाल्ल्या मिठाला जागणे हा सद्गुण खरा. तथापि भीष्म-कर्णांच्या निष्ठेने अधर्माचेच बळ वाढले, हे व्यासांनी लपविलेले नाही. आमच्या सांगली जिल्ह्यात बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांवर पोवाडे रचले गेले, चित्रपटही निघाला. त्यांचा गौरव करणारे गांजलेल्यांच्या कैवाराचा दाखला देतात. तो कायद्यापुढे टिकत नाही. पण निदान चार लोकांत त्याची चर्चा होते. घोस्ट डॉगचा धर्म मात्र केवळ त्याच्या ग्रंथात आहे.

दिग्दर्शकाने ही उणीव ओळखली आहे. त्या जुन्या प्रसंगी पिस्तूल आपल्यावर रोखलेले होते, असे घोस्ट डॉगला आठवते. लुईला ते स्वतःवर रोखलेले आठवते. ज्या उपकारावर सारी निष्ठा उभी, तोच असा संदिग्ध! शिवाय अठराव्या शतकाच्या आरंभी ज्यांच्या बोलांतून ‘हागाकुरे’ सिद्ध झाला, ते यामामोतो त्सुनेतोमो शांततेच्या काळातले. त्यांनी रणांगण पाहिलेच नव्हते. धन्यामागून मरण्यास मनाई असल्यामुळे ते भिक्षू झाले.

शेवटी तो ग्रंथ पर्लिन या लहान मुलीच्या हाती जातो. ती यातून संयम उचलील की सूड, हे प्रेक्षकांनी ठरवावयाचे आहे. आमच्या कुपवाडसारख्या कारखान्यांच्या गावी इमानाचे मोल कोणास सांगावयास नको. परंतु मुलांना इमान शिकविताना ते कोणाशी व कोठवर राखावे, हेही शिकविले पाहिजे. हा विचार घरोघर व्हावा, यासाठी हा चित्रपट अवश्य पाहावा.