स्थानिक दप्तर आणि निवडीचा दोष : पेण–रोहे परिसराच्या निमित्ताने

पेण तालुक्यातील वरसई हे लहानसे गाव मराठी भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकास दोन नावांमुळे ठाऊक असावयास हवे. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेलेले आणि झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहून परतलेले विष्णुभट गोडसे हे वरसईचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा जन्मही १८६३ साली याच गावी झाला. एकाने एक कागद लिहून ठेवला. दुसऱ्याने सारे आयुष्य कागद गोळा करण्यात घालविले. असे असूनही ज्याला वरसईचा, किंबहुना पेण–रोहे परिसराचा, इतिहास मूळ कागदांवरून अभ्यासावयाचा आहे त्याला आज वाट धरावी लागते ती पुण्याची अथवा मुंबईची. या विसंगतीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो करताना राजवाड्यांच्या परंपरेवर काही टीका करणे अटळ आहे. ती टीका त्यांच्या कार्याचे ऋण मान्य करूनच केलेली आहे, हे आरंभीच नमूद करतो.

१

गोडसे भटजींच्या हस्तलिखिताची कथा प्रथम पाहू. कारण स्थानिक कागदाचे पुढे काय होते याचे ते सर्वांत परिचित उदाहरण आहे. प्रवासानंतर सुमारे पाव शतकाने, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, भटजींनी आपली हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. परंतु ती जशीच्या तशी नव्हे. मजकुराची मांडणी बदलली, काही भाग गाळला, भाषा शिष्ट वाचकाच्या कानास रुचेल अशी करून घेतली. पुढे मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली. म्हणजे मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे भटजींची म्हणून जी मराठी वाचीत होता, ती पुष्कळ अंशी वैद्यांची होती.

वैद्यांना दोष देणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो बंडाच्या हकीकतीचा, भाषेचा नव्हे. हकीकत हवी असणाऱ्याला भिक्षुकी वळणाचे लांबलेले वाक्य, बोलीतले रूप, मध्येच आलेला यजमानाच्या घरच्या जेवणाचा तपशील हा अडथळाच वाटणार. भाषाभ्यासकास मात्र नेमके तेच हवे असते. एकोणिसाव्या शतकातील कोकणातला एक साधा वैदिक मराठी वाक्य कसे जुळवीत असे, हे सांगणारा पुरावा वैद्यांच्या दृष्टीने पसारा ठरला. संपादकाच्या निवडीचा दोष तो हा : निवड ही नेहमी निवडणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देते. जो प्रश्न त्याला सुचलाच नाही त्याचे उत्तर ती नकळत पुसून टाकते.

भटजींचे भाग्य असे की मूळ कागद शाबूत राहिला आणि म्हणून चूक दुरुस्त होऊ शकली. ही सोय प्रत्येक वेळी राहतेच असे नाही. राजवाड्यांनी १९०९ साली ज्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली ती पोथी पुढे नाहीशी झाली. तिच्या प्राचीनतेविषयी आणि तीतील रूपांविषयी विद्वानांनी कितीही वाद घातला तरी पडताळा पाहावयास मूळच नाही. याच्या उलट अलिबागजवळील आक्षीच्या शिलालेखाचे पाहा. त्यातील शकाच्या आकड्याच्या वाचनाविषयी मतभेद झाले, आणि ते होऊ शकले याचे कारण दगड जागेवर होता. ज्याला शंका आली त्याला जाऊन पाहता आले. छापील प्रत हा मूळ कागदाचा एक अर्थ असतो. मूळ कागदाची जागा ती घेऊ शकत नाही.

२

एका ग्रंथाबाबत जे घडले तेच फार मोठ्या प्रमाणावर दप्तरांबाबत घडले आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. वाड्यांचे माळे, देवळांच्या ओवऱ्या, वाण्यांच्या दुकानांतील रद्दी यांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे वाचविले, ते त्यांनी वाचविले नसते तर आज आपणांस वादही घालता आला नसता. शिवकालीन पत्रांतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजून भाषेच्या इतिहासाला दप्तराचा आधार देणारे पहिले अभ्यासकही तेच. तरीही त्यांच्या पद्धतीत एक गृहीत आहे, ते असे की कागदाची किंमत राष्ट्राच्या इतिहासावरून ठरावी. ज्या पत्रात पानिपत आहे ते छापावे. ज्यात बांधाच्या डागडुजीचा हिशेब आहे ते बाजूस ठेवावे.

गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून जे पंचेचाळीस खंड निवडून काढले त्यांतही हाच न्याय आहे. पुण्याच्या या दप्तरात तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. त्यांतील प्रांत अजमासाचे रुमाल, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या जमाबंदीचे व खर्चाचे कागद, आणि आंगरे दप्तर हे दोन्ही विभाग कुलाब्याच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाचे. दा. गो. ढबू यांच्या ‘कुलाबकर आंगरे सरखेल’ (१९३९) या ग्रंथाने आंगऱ्यांच्या घराण्याचा इतिहास उभा केला. परंतु घराणे आणि मुलूख या दोन भिन्न गोष्टी होत. मुलखाची भाषा हिशेबात, तक्रारीत, करारात आणि जबानीत असते, आणि ती अद्याप बहुतांशी रुमालात बांधलेली आहे.

याचा परिणाम आपल्या विषयावर काय झाला हे स्पष्ट सांगावयास हवे. ‘पेशवेकालीन मराठी’ या नावाखाली आपण जे वर्गात शिकवितो ते प्रामुख्याने चिटणिसी मराठीचे वर्णन असते. दरबारातील पंचवीस-तीस घराण्यांच्या लेखण्यांची ती भाषा. तिच्यावरून साऱ्या मराठीविषयी अनुमाने काढणे म्हणजे पेणच्या बाजारातील बोलणे सचिवालयाच्या परिपत्रकावरून ठरविण्यासारखे आहे.

एक उदाहरण देतो. पेण आणि अलिबाग या भागांत खाडीचे पाणी बांध घालून अडवावयाचे आणि मिळालेल्या खार जमिनीत भात पिकवावयाचे, ही शतकांची रीत. या व्यवस्थेभोवती एक संपूर्ण शब्दसृष्टी उभी आहे : खाजण, खारबंदिस्ती, पाणी सोडण्याची उघाडी, बांधाला पडलेली खांड, आणि ‘शिलोत्री’. शिलोत्री म्हणजे अशा जमिनीच्या बांधाची जबाबदारी आणि तिच्याबद्दलचा हक्क यांनी बांधलेली जमीनधारणेची एक पद्धती. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने तिची नोंद इंग्रजीत घेतली. परंतु शिलोत्रीदार स्वतः हा शब्द कोणत्या वाक्यात वापरीत होता, कुळाशी करार करताना त्याला कोणती क्रियापदे जोडीत होता, हे इंग्रज अधिकाऱ्याच्या सारांशावरून कसे कळणार? ते गावच्या कागदावरूनच कळेल.

रोह्याबाबतही असेच म्हणता येईल. १६७४ साली शिवराज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील अष्टमीवरून रायगडाकडे गेला. त्याच्या कागदांत या गावाचे नाव ‘एस्थेमी’ असे उतरले आहे. कुंडलिकेच्या काठच्या या गावाचे परक्याच्या कानाने टिपलेले रूप इंग्रजांच्या व्यवस्थित दप्तरामुळे आजही सापडते. त्या वेळी रोहे–अष्टमीचे लोक आपल्या गावाविषयी काय लिहीत होते हे शोधू लागल्यास मात्र हात रिकामा राहण्याचा संभव अधिक.

३

येथे एक आक्षेप येईल आणि तो बिनतोड वाटेल. कागद गावातच राहिले असते तर वाळवीने आणि कोकणच्या पावसाने ते केव्हाच संपविले असते. पुण्यास नेले म्हणून वाचले. हा आक्षेप खरा आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने रोहे तालुक्यातील नागोठण्याची जी दशा केली ती ज्यांना आठवते ते गावातील पेटीत ठेवलेल्या कागदांची हमी देणार नाहीत. परंतु या आक्षेपावरून निघतो तो निष्कर्ष एवढाच की कागदाला निवारा हवा. तो दूरच असावा, आणि तेथे जाण्यापूर्वी कागदांची निवड व्हावी, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

इंग्लंडमध्ये बेडफर्डशर या परगण्याने १९१३ साली आपले स्वतःचे अभिलेख-कार्यालय उभे केले. त्यामागची प्रेरणा जॉर्ज हर्बर्ट फाउलर यांची. हे गृहस्थ शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होते. परगण्याचे कागद परगण्यात राहावेत, आणि ज्या कचेरीचे वा घराण्याचे ते असतील त्याच क्रमाने राहावेत, हे तत्त्व अशा कार्यालयांनी रुजविले. क्रमाचे महत्त्व साधे आहे. एका बासनात खतपत्र, त्याखाली भावकीच्या भांडणाचा महजर आणि त्याखाली बारशाची यादी असेल, तर ते शेजारच हा पुरावा असतो. त्यांतील महजर तेवढा ‘महत्त्वाचा’ म्हणून उचलला की उरलेले दोन कागद मुके होतात. आणि उचललेलाही अर्धा मुका होतो.

आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे; परंतु त्याचा रोख सार्वजनिक अभिलेखांकडे आहे. घराघरांतील बासने, देवस्थानांची कीर्दखतावणी, सावकाराच्या वह्या यांची व्यवस्था त्याने होत नाही. सार्वजनिक अभिलेखांचीही खरी किंमत समाजाला कळते ती संकटात. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतील जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या, कोतवाल बुके यांवरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणाऱ्या माणसांची एकाएकी वाण पडली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी येथे कर्तव्य नाही. ध्यानी घ्यावयाचे ते एवढेच की ज्या नोंदी एकाही संपादकाने कोणत्याही खंडासाठी निवडल्या नसत्या, त्यांच्यावर सहस्रावधी कुटुंबांचे भवितव्य येऊन ठेपले.

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव सांगावासा वाटतो. शब्दसंग्रहाच्या कामासाठी या परिसरात हिंडत असता एका घरी मोडी कागदांचे बासन पाहावयास मिळाले. घरातील वृद्ध गृहस्थांना मोडी येत नव्हती. त्यांच्या वडिलांना येत असे. चार कागद वाचून दाखविल्यावर त्यांनी विचारले, “सर, यात जमिनीचं काही आहे का?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा उतरला. मग बासन अभ्यासासाठी नेऊ का, असे विचारताच ते म्हणाले, “मागे एकदा नेले होते एकांनी. ते काही परत आले नाहीत.” कोणी नेले, कोठे नेले, ते त्यांना सांगता येईना. मी बासन तेथेच ठेवून परतलो. कागद नेणारा बहुधा सद्हेतूनेच आला असेल. परंतु त्या घरापुरते पाहता वाळवीने खाल्लेला कागद आणि संशोधकाने नेलेला कागद यांत फरक उरला नव्हता.

४

म्हणून आजच्या अभ्यासकाने राजवाड्यांचा उत्साह घ्यावा, पद्धत मात्र बदलावी. कागद असेल तेथे जावे; बासन ज्या क्रमाने बांधलेले असेल त्या क्रमाने प्रत्येक कागदाची यादी करावी; निवड न करता सर्वांची छायाचित्रे घ्यावी; मूळ बासन मालकाच्या हाती परत द्यावे आणि यादीची एक प्रतही त्याच्याजवळ ठेवावी. ज्याला कागद सांभाळणे अशक्य आहे त्याच्यासाठी अलिबागेस, जिल्ह्याच्या ठिकाणी, कोरड्या जागेत अभिलेखगृह असावे. तेथे ठेवलेला कागद आपला आहे आणि केव्हाही पाहता येईल याची लेखी खात्री मालकास मिळावी. आपल्या विभागाने यात करण्यासारखे एक काम निश्चित आहे : मोडीचे शिक्षण वळणदार नमुन्यांपुरते न ठेवता ते स्थानिक हिशेबी कागदांवर द्यावे आणि त्यांतून निघणाऱ्या शब्दांचा, मूळ वाक्यांसह, परिसरकोश करीत जावे.

हे सावकाश करण्याजोगे काम नव्हे. बाळगंगा धरणाच्या प्रकल्पबाधित गावांत वरसईचेही नाव आहे. गाव हलते तेव्हा घरे मोजली जातात, झाडे मोजली जातात, त्यांचे मोल ठरते. माळ्यावरच्या बासनाचा रकाना त्या पंचनाम्यात नसतो. नव्या जागी निघालेल्या गाडीत भांडी आधी चढतात आणि कागद, चढलेच तर, शेवटी.

गोडसे भटजींना साठ वर्षांनी का होईना, पोतदार भेटले. बांधाच्या हिशेबाला, कुळाच्या तक्रारीला, सुईणीच्या देण्याच्या टिपणाला पोतदार भेटावयाचे असतील, तर तोवर ते कागद आपल्या जागी, आपल्या क्रमात, शाबूत असले पाहिजेत. कोणता कागद महत्त्वाचा हे ठरविण्याचा अधिकार आपल्या पिढीने पुढच्या पिढ्यांकडून हिरावून घेऊ नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.