फेलो निवडताना लॅबकोट कोण तपासतं?

पीएचडीसाठी गाइड कसा निवडायचा, असं बरेच जण विचारतात. मग आपण काय बघतो? पेपर, एच-इंडेक्स आणि पुरस्कार. मीही तेच बघितलं होतं. त्या पुरस्कारांच्या यादीवरून लॅबमधल्या सुरक्षेबद्दल काहीही कळत नाही, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शेरी संगजी ही २३ वर्षांची रिसर्च असिस्टंट बाटलीतून टर्शरी-ब्युटिल लिथियम काढत होती. हे रसायन हवा लागली की आपोआप पेटतं. हातात प्लास्टिकची ६० मिलीलिटरची सिरिंज होती. दट्ट्या निसटला, रसायन सांडलं आणि अंगातला स्वेटर पेटला. लॅबकोट घातलेला नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. कामाला लागून तिला तीन महिनेही झाले नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी विद्यापीठाच्या स्वतःच्या तपासणीत नोंद झाली होती की या लॅबमध्ये लोक लॅबकोट घालत नाहीत.

लॅबचे प्रमुख पॅट्रिक हॅरन यांच्यावर फौजदारी खटला भरला गेला. २०१४ मध्ये सरकारी पक्षाशी समझोता झाला. ८०० तास समाजसेवा करायची, जळीत रुग्णांच्या केंद्राला १०,००० डॉलर द्यायचे आणि अटी पाळल्या की आरोप मागे. म्हणजे कोर्टाने त्यांना दोषी ठरवलेलं नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिक काढणाऱ्या अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्सने नव्या फेलोंची नावं जाहीर केली. त्यात हॅरन होते. ओरड झाली, फेरविचार झाला आणि डिसेंबरमध्ये निवड मागे घेतली गेली. खुलासा असा की पहिल्या छाननीच्या वेळी सगळी आवश्यक माहिती समोर नव्हती.

माझा आक्षेप नेमका या खुलाशावर आहे. सात वर्षं रसायनशास्त्राच्या जगात ज्या प्रकरणाची चर्चा चालू होती, ते रसायनशास्त्रातलाच सन्मान देताना समोर येत नाही, याचा अर्थ काय? तो प्रश्न विचारायचा असतो हे कुणाच्या मनातच आलं नाही. निवड रद्द केली ते बरोबरच, पण लोक ओरडले म्हणून रद्द करणं याला निकष म्हणत नाहीत. ज्या अपघातात कुणी मेलं नाही, ज्याची बातमी झाली नाही, त्याचं काय?

‘पुरस्कार शोधासाठी असतो, हाउसकीपिंगसाठी नाही,’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकाल. पण तो शोध कुणाच्या हातांनी लागतो? पेपरमधल्या ‘मेथड्स’मध्ये जे लिहितो, ते विद्यार्थ्याने उभं राहून केलेलं असतं. ते सुरक्षितपणे करता येत नसेल तर पद्धतीतच खोट आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला जड जातो. अपघात झाला की पुरस्कार गेला, असा नियम केला तर लोक अपघात लपवतील. आमच्याच लॅबमध्ये एकदा सोडियमचे तुकडे नीट क्वेंच न करता वेस्टच्या डब्यात गेले आणि भडका उडाला. वाळूची बादली जवळ होती म्हणून निभावलं. संध्याकाळी सीनियर म्हणाला, ‘रजिस्टरमध्ये लिहू नकोस, सरांचं नामांकन गेलंय.’ मी लिहिलं नाही. आजही त्याची लाज वाटते. (पुढच्या महिन्यात त्याच डब्यापाशी नवीन मुलगी काम करायला लागली, तिलाही तोंडीच सांगितलं.)

म्हणून अपघात मोजू नका, नोंदी मागवा. गेल्या पाच वर्षांत किती ‘थोडक्यात टळलं’ प्रसंग लिहून ठेवले आणि प्रत्येकानंतर काय बदललं, हे नामांकनासोबत द्यायला लावा. ज्या लॅबचं रजिस्टर कोरं आहे, तिच्याकडे जास्त संशयाने बघा. शिवाय लॅब सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. आत असलेले खरं बोलणार नाहीत, कारण त्यांची सही अजून गाइडकडे अडकलेली असते.

हे अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. शेरीच्या अपघाताला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २९ डिसेंबर २००९ रोजी, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला आग लागून दोन तरुण संशोधक गेले.

पुरस्कार समित्या बदलतील तेव्हा बदलतील. तुम्ही इंटरव्ह्यूला जाल तेव्हा लॅब दाखवायला सांगा आणि एकच विचारा: ‘इथे शेवटचा छोटा अपघात कधी झाला आणि त्यानंतर काय बदललं?’ ‘आमच्याकडे कधीच काही झालं नाही’ असं उत्तर आलं, तर अजून एक-दोन लॅब बघून घ्या.