शून्य किमतीचे चार तास

बारावीच्या गणितात 'लिनियर प्रोग्रॅमिंग' हे प्रकरण असते. त्यातील उदाहरणे ठरावीक साच्याची: दोन यंत्रे, दोन वस्तू, नफा जास्तीत जास्त किती? विद्यार्थी आलेख काढतात, कोपऱ्याचे बिंदू तपासतात आणि उत्तर लिहितात. पद्धतीत दोष नाही. तक्रार आहे ती उदाहरणांबद्दल. नफ्याचे सूत्र आयते दिलेले असते. ते कोणी ठरवले, त्यात काय धरलेले नाही, हे विचारण्याची सवय त्यातून लागत नाही.

त्याऐवजी एसटीचे उदाहरण घेऊ. देवगडहून नांदगावकडे निघालेली गाडी जामसंड्यावरून जाते. समजा, अशा 20 फेऱ्या चालकांमध्ये वाटायच्या आहेत. एका कामगिरीत 4 फेऱ्या धरल्या, तर 20 मधून 4 निवडण्याचे 4,845 प्रकार होतात. वेळा न जुळणारे प्रकार गाळायचे आणि उरलेल्यांतून काही कामगिऱ्या अशा निवडायच्या, की प्रत्येक फेरी नेमकी एकदा यावी व एकूण खर्च कमीत कमी व्हावा. शिवाय प्रत्येक कामगिरीचे उत्तर 1 किंवा 0 असेच हवे. अडीच चालक चालत नाहीत. येथे आलेखाचा कागद अपुरा पडतो. जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत आणि तिच्या आधाराने पुढे विकसित झालेली तंत्रे संगणकावर हे काम करतात.

आता बंधने पाहू. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने साधारणपणे दिवसाला 8 तास काम, सलग 5 तासांपेक्षा जास्त काम होण्याआधी किमान अर्धा तास विश्रांती आणि कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत 12 तास, अशा मर्यादा घातल्या होत्या. एक कामगिरी अशी: सकाळी 6 ते 10 आणि दुपारी 2 ते 6. दुसरी: सकाळी 6 ते 10, अर्ध्या तासाची विश्रांती, मग दुपारी अडीचपर्यंत. दोन्हींत काम 8 तास. दोन्ही या मर्यादांत बसतात. केवळ गाडी चालवण्याचे तास मोजले, तर संगणकाला दोन्ही सारख्याच. मधले चार तास सूत्रात नाहीत, म्हणून त्यांची किंमत शून्य. चालकाचे घर दूर असेल, तर मात्र त्याचा सगळा दिवस त्यात जातो.

शाळा-कॉलेजच्या वेळांमुळे अशी तुटक कामगिरी काही वेळा टाळता येत नाही, हे खरे. पण टाळता येण्यासारखी असते तेव्हाही संगणक ती टाळणार नाही, कारण तसे त्याला सांगितलेलेच नाही. 'इष्टतम' या शब्दाचा अर्थ 'दिलेल्या सूत्रापुरते उत्तम' एवढाच आहे.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. जवळच्या थांब्यावरून गाड्यांच्या वेळा उतरवून घ्याव्यात व वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने फक्त चालवण्याचे तास मोजावेत. दुसऱ्याने ताटकळण्याच्या तासाला चालवण्याच्या तासाच्या निम्मी किंमत द्यावी. दोन्ही वेळापत्रके फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत. चालक किती लागले आणि कोण किती वेळ अडकला, हे विद्यार्थ्यांना दिसेल. ती किंमत निम्मी की पूर्ण, हे मात्र गणित सांगत नाही. ते चालक, प्रवासी आणि आगार यांनी मिळून ठरवायचे असते.