‘शांतता! कोर्ट चालू आहे’: भूमिकेचा अधिकार आणि कर्तव्य

समाज माणसाला एखादी भूमिका देतो आणि पुढे ती भूमिकाच त्याच्या तोंडून बोलू लागते. 1967 साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या या नाटकाचे मर्म अनेकदा असेच सांगितले जाते. आम्हांस ते अर्धेच पटते.

अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी एका गावी आलेली हौशी मंडळी वेळ घालविण्यासाठी लटका खटला उभा करतात. आरोपी शिक्षिका लीला बेणारे, आरोप बालहत्येचा. पाहता पाहता तिचे खरे आयुष्य पिंजऱ्यात ओढले जाते. परंतु या मंडळींवर भूमिकेचीच सत्ता असती, तर काशीकर निःपक्षपाती राहिले असते. येथे न्यायाधीश स्वतःच साक्ष देतात आणि सुखात्मे दोन्ही पक्षांचे वकील होतात! म्हणजे भूमिकेचा अधिकार तेवढा त्यांनी उचलला, कर्तव्य टाकून दिले. बालहत्येचा आरोप करणारे हेच कोर्ट शेवटी तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते, यातील उपरोध ख्रिस्ती वाचकास विशेष झोंबावा.

गावकरी सामंतालाही साक्षीदाराची भूमिका दिलेली आहे. तोही हातातील कादंबरीच्या आधारे साक्ष रचतो. परंतु खेळ संपल्यावर कोसळलेल्या बेणारेजवळ कापडी पोपट ठेवणारा तोच. भूमिकेखाली माणूस शिल्लक राहू शकतो, हे तेंडुलकरांनी येथे फार हळुवारपणे दाखविले आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायातील स्त्रीची येथे आठवण होते. प्रा. दामले खटल्यास गैरहजर असतात, तसा तेथेही पुरुष गैरहजरच आहे. शास्त्री-परूशी प्रभू येशूपुढे न्यायासन मांडतात. तो पापाला पाप म्हणतो, पण दगड उचलण्याची मुभा कोणासही देत नाही.

पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरू न्यायाधीश असतो आणि वैद्यही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. वैद्याचे काम विसरून आम्ही केवळ न्यायाधीश उरलो, तर काशीकरांहून वेगळे कसे ठरणार? पालक, शिक्षक, धर्मग्रामातील पदाधिकारी यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. म्हणून हे नाटक आमच्या युवक मंडळांनी केवळ पाहू नये. ते बसवावे, आणि प्रयोगानंतर प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या भूमिकेविषयी बोलावे.